गोरं व्हायची ट्यूब

माझं लग्न जमलं ते डी.फार्म.मुळे. त्याआधी सात ठिकाणांहून नकार आले होते. तोंडावर नकार कोणीच देत नसे. चहा-पोहे व्हायचे, पाण्यापावसाच्या गोष्टी व्हायच्या, जाताना पाहुणे माझ्या बाबांना मिठी मारून जायचे, आणि चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन यायचा, "पोरगी लाखात एक आहे, पण त्यायले जरा उजळ पाहिजे होती."

हिवरखेडला आमची भाजीची आणि झेंडूची शेती. पाहुणे यायचे ठरले की माझी माय मला पंधरा दिवस शेतात पाय ठेवू देत नसे. मी घरात, आणि ती एकटी भर उन्हात फुलं तोडायला. संध्याकाळी परत आली की आधी माझं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडे फिरवायची. मग हात धुवायला जायची.

आठव्या वेळी दर्यापूरचे लोक आले. त्यांचं तिथे बसस्टँडजवळ मेडिकल होतं. ज्या फार्मसिस्टच्या नावावर लायसन होतं ते म्हातारे गृहस्थ वारले होते, आणि यांचा मुलगा बी.ए. झालेला. सासऱ्यांनी मला पाहायच्या आधी माझं अकोल्याच्या कॉलेजचं सर्टिफिकेट पाहायला मागितलं. उलटून पालटून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मी पोहे घेऊन आले तेव्हा खोली क्षणभर गप्प झाली. ती शांतता मला आता ओळखीची झाली होती. पण या वेळी सासूबाई म्हणाल्या, "रंगाचं काय घेऊन बसता? तिले कुठं उन्हात जायचं आहे. दुकानात बसायचं आहे."

सगळे हसले. माय आत जाऊन रडली. मला मात्र एका गोष्टीनं धीर आला होता. सासूबाई माझ्याहूनही काळ्या होत्या. मला वाटलं, या घरात निदान हा विषय निघणार नाही.

लग्नानंतर महिनाभरात माझं सर्टिफिकेट फ्रेम करून दुकानात गणपतीच्या बाजूला लागलं आणि मी काउंटरमागे उभी राहिले. काम मला आवडायचं. औषधाचं नाव वाचता येत नसलेली म्हातारी माणसं फाटकी चिठ्ठी घेऊन यायची, मी त्यांना पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून सकाळ-रात्र समजावून द्यायची. आठवड्याभरात लोक मला ताई म्हणू लागले.

ती ट्यूब मी पहिल्यांदा विकली ती बाजारच्या दिवशी. आजूबाजूच्या गावांतून शेअर जीपा भरून लोक आले होते. एक पोरगी काउंटरला टेकून हळूच म्हणाली, "ताई, ती गोरं व्हायची ट्यूब द्या ना."

अशी कुठली ट्यूब मला कॉलेजात शिकवलेली नव्हती. नवऱ्यानं मागच्या फळीवरून काढून दिली. मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. तीन औषधं एकत्र, त्यातलं एक स्टेरॉइड. वांगाच्या डागांवर, डॉक्टरनं सांगितलं तरच, ते सांगतील तेवढेच दिवस लावायची. डब्यावर लाल रेघ होती, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. मी पोरीला विचारलं, "चिठ्ठी आहे का?" ती गोंधळली, मैत्रिणीकडे पाहू लागली. नवऱ्यानं तिला ट्यूब देऊन वाटेला लावलं.

"कावून दिली?" मी विचारलं.

"तू नाही देशीन त समोरचा देईन," तो म्हणाला. रस्त्यापलीकडे दुसरं मेडिकल होतं. "आपण काय जहर विकून राहिलो का? लोकं मागतात, लावतात, गोरे होतात. कोणी तक्रार घेऊन आलं का आजपर्यंत?"

तक्रार घेऊन खरंच कोणी आलं नव्हतं. काही दिवस मी चिठ्ठी विचारत राहिले. मग विचारायची सोडली आणि सल्ला द्यायला लागले. रोज लावू नका, उन्हात जाऊ नका, पंधरा दिवसांच्या वर लावू नका. पोरी मान हलवायच्या आणि महिन्याभरात पुन्हा यायच्या. पुढे पुढे सल्लाही थांबला. एखादी काउंटरशी येऊन नुसती घुटमळायला लागली तरी माझा हात आपोआप मागच्या फळीकडे जायचा.

आणखी एक सांगून टाकते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नणंदेचं लग्न होतं तेव्हा मी स्वतः ती ट्यूब तीन आठवडे लावली. कोणाला सांगितलं नाही. हळदीच्या दिवशी नवरा जवळून जाताना म्हणाला, "बरी दिसून राहिली आज." एवढंच. त्या एका वाक्यावर मी दोन दिवस तरंगत होते. लग्न झाल्यावर गाल खाजायला लागले, सोलले, म्हणून मी बंद केली. काय होतं ते मला माहीत होतं, आणि तरीही मी ती पुढची कित्येक वर्षं विकली.

मुलगी झाली तेव्हा मी अमरावतीच्या दवाखान्यात होते. नर्सनं बाळ आणून सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी आधी दुपट्यात हात घालून बाळाच्या कानाची पाळी पाहिली. कानाच्या पाळीवरून पुढचा रंग कळतो म्हणतात. मी पलंगावरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी पाळी पाहिली, दुपटं नीट केलं, बाळाचा मुका घेतला आणि म्हणाल्या, "देवानं दिली ती आपली."

त्यांनी तिला फार प्रेमानं वाढवलं हे मी कधीही नाकारणार नाही. मी दुकानात असायची आणि पोरगी पूर्ण वेळ आजीजवळ. रोज अंघोळीआधी डाळीचं पीठ, साय आणि हळद. पोरगी ओरडायची तर आजी गाणं म्हणायची. पीठ पाण्यासोबत मोरीतून वाहून जायचं आणि खाली पोरगी होती तशीच निघायची, सावळी, चकचकीत, हसरी. मला ती फार सुंदर दिसायची. पण हे मी तिला कधी मोठ्यानं म्हटलं होतं का, हे आता आठवायचा प्रयत्न करते तर आठवत नाही. माझ्या तोंडून निघायचं ते हे, "उन्हात खेळू नको वं, आणखी काळी पडशीन."

ती सातवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाच होता. दोन महिने सराव झाला. घरी ती आम्हाला सगळा नाच एकटीच करून दाखवायची, पाहुणे आले की त्यांनाही. गॅदरिंगच्या दिवशी मी दुकान नवऱ्यावर सोडून आजीला घेऊन गेले, पुढची खुर्ची पकडली. पडदा उघडला. समोरच्या ओळीत पाच पोरी, सगळ्या गोऱ्या. त्यातल्या दोघींना पायसुद्धा टाकता येत नव्हता. आमची पोरगी तिसऱ्या ओळीत, कोपऱ्यात, उंच पोरीच्या मागे. नाच संपेपर्यंत आम्हाला तिचे फक्त हात दिसले.

 घरी येताना रिक्षात आजीनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. इतका घट्ट की उतरल्यावर पोरीच्या मनगटावर आजीच्या बांगडीचे वण दिसत होते.

त्या उन्हाळ्यात माझी पोरगी उजळायला लागली.

आधी शेजारणीच्या लक्षात आलं. "अवं, पोरगी त निखरून आली तुमची," ती म्हणाली. मग नणंद अकोल्याहून आली, तिनं गालाला हात लावून पाहिला. "काय लावते वं, आत्याले सांग ना." पोरगी लाजून हसली. आजी गहू निवडत बसली होती, तिनं मान वर केली नाही. मीसुद्धा पाहिलं. गालांवर छान गुलाबी छटा आली होती. मला वाटलं, वयात येते आहे, पोरी या वयात खुलतातच. मला अभिमान वाटला. तो अभिमान मला अजून पुसून टाकता आलेला नाही.

पुढच्या काही महिन्यांत बाकीच्या गोष्टी मी एकेक करून पाहिल्या आणि एकेक करून बाजूला ठेवल्या. चहा प्यायली की तिचा चेहरा लाल व्हायचा. चुलीसमोर, गॅससमोर ती उभी राहीना. शाळेत जाताना डोळे सोडून सगळं तोंड स्टोलनं बांधायची, पण इथे सगळ्याच पोरी बांधतात. कानांसमोर, गालांवर बारीक काळी लव उगवली होती, ती बापाकडून आली असेल असं मी म्हटलं. हनुवटीवर पुटकुळ्या आल्या, त्या वयाच्या असतील. दुकानात मागच्या फळीवरचा ट्यूबचा डबा लवकर रिकामा व्हायला लागला होता. मला वाटलं, मी जेवायला घरी जाते तेव्हा नवरा विकत असेल.

औषधाचं शिक्षण माझं झालं होतं. ही सगळी लक्षणं एका कागदावर लिहून कोणी माझ्यासमोर ठेवली असती तर मी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं काय आहे ते.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची वेळ होती, दुकानात गर्दी नव्हती. एक बाई आणि तिच्यासोबत स्टोल बांधलेली तरुण पोरगी आली. बाईला मी ओळखलं. जवळच्याच खेड्यातली, यांचीही झेंडूची आणि भाजीची शेती, दसऱ्याला आमच्या घरी तोरणाची फुलं तिच्याकडूनच यायची. तिची ही मोठी पोरगी कॉलेजात असताना दर महिन्याला माझ्याकडून ट्यूब न्यायची. वर्षभरापूर्वी तिचं लग्न झालं होतं. लग्न ठरलं तेव्हा ती पेढे द्यायला आली होती आणि तिचा चेहरा काचेसारखा चमकत होता. दुकानातल्या दोन बायकांनी तिच्याकडे बोट दाखवून माझ्याकडून तीच ट्यूब नेली होती.

"ताई, ती ट्यूब द्या," बाई म्हणाली. "दोन द्या."

"कोणासाठी?"

 पोरीनं इकडेतिकडे पाहिलं, दुकानात कोणी नाही अशी खात्री केली आणि स्टोल सोडला.

मी वर्णन करायचं नाही असं ठरवलं होतं, पण थोडं करायला हवं. दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल होते. चामडी इतकी पातळ झाली होती की खालच्या बारीक शिरा जाळ्यासारख्या दिसत होत्या. कपाळावर आणि हनुवटीवर पिकलेले फोड होते. डोळ्यांखाली मात्र काळपट पट्टे होते, आधीच्या तिच्या रंगाहून कितीतरी काळे. आणि गालांवर, कानांसमोर, बारीक काळी लव.

"लावणं बंद कर," मी म्हटलं.  "आजच्या आज बंद कर."

"बंद केली होती ना ताई," पोरगी म्हणाली. "चार दिवस केली होती. आग होते नुसती. मिरची लावल्यावानी. झोप येत नाही. लावली का मग थंड पडते." ती बोलत होती तेव्हाही हातानं गालांना वारा घालत होती. "सासरी म्हणतात, लग्नात अशी नव्हती, आमाले फसवलं. माहेरी जाऊन राह्य म्हणतात, चेहरा पहिल्यासारखा झाला का मग येजो."

"द्या ना ताई," तिची माय म्हणाली. "तुमीच त देत होत्या."

मी ट्यूब दिली नाही. अमरावतीच्या एका चामडीच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता कागदावर लिहून दिला, हात जोडले, तिथे जाच म्हणून सांगितलं. बाईनं कागद घेतला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. पोरीनं पुन्हा स्टोल बांधला. मी काउंटरमागून पाहत होते. त्या दोघी रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेल्या.

मी शटर अर्धं ओढलं आणि घरी निघाले. घर दुकानापासून पाच मिनिटांवर. पोरगी नुकतीच शाळेतून आली होती. मी तिला अंगणात नेलं, स्टोल काढायला लावला आणि तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

उन्हात सगळं दिसलं. त्या पोरीच्या चेहऱ्यावर जे होतं ते सगळं इथे होतं, फक्त अजून सुरुवातीचं, अजून गुलाबी.

"काय लावतेस?"

"काही नाही."

"काय लावतेस म्हटलं?"

ती रडायला लागली. आतून आजी आली. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. पोरीच्या आणि माझ्या मध्ये उभी राहून ती म्हणाली, "तिले नको बोलू. मी लावली."

"आई, तुम्हाला माहीत आहे का ते काय आहे?"

"मले काय माहीत राहीन? तुमच्याच दुकानात भेटते. तूच विकत होती. खराब असती त विकली असती का तू?"

 मी ओरडले. लहान लेकराच्या तोंडाला लावायला तुमचा जीव कसा धजला, असं काहीतरी बोलले.  सासूबाई ओट्यावर बसल्या. त्या माझ्याशी कधी स्वतःबद्दल बोलत नसत, त्या दिवशी बोलल्या.

"मी लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती. घरात कोणतंही कार्य असो, जाऊबाई पंगतीत वाढे. ती गोरी होती. मी मागं चुलीपाशी. पाच-पाच पायल्यांचा सैपाक मी करो, अन् लोकं जाऊबाईले म्हणत, काय हाताले चव आहे. तुझ्या सासऱ्यानं मले एकदाही कोणाच्या लग्नात सोबत नेलं नाही. एकदाही नाही. त्या दिवशी शाळेत पोरीचे फक्त हात दिसले मले. मले वाटलं, आता हिलेही लोकं मागं उभी करतीन. मले पाहवलं नाही."

कणीक त्यांच्या बोटांवर वाळत चालली होती. मी काही बोलणार तेवढ्यात पोरगी म्हणाली, "आजीनं पहिली एकच लावली होती, मम्मी. ती संपल्यावर मीच आणत होते दुकानातून. पप्पा जेवायला बसले का."

"कावून पण? मला विचारायचं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तेरा वर्षांच्या पोरीची नजर नव्हती ती.

"मले तुझ्यासारखं नाही व्हायचं."

तिला कदाचित वेगळं काही म्हणायचं असेल. दुकानात दिवसभर उभं राहणं, कोणासोबत कुठे न जाणं, असं काही. मी तिला कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही अमरावतीला गेलो. डॉक्टरीणबाईंच्या बाहेरच्या बाकांवर बसायला जागा नव्हती. बहुतेक पोरी होत्या, सगळ्यांचे स्टोल घट्ट बांधलेले. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. आमची पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं, किती महिने लावली ते विचारलं.

"आठ महिने," पोरगी म्हणाली.

"कुठून आणली? कोणत्या मेडिकलमधून?" त्यांनी थकलेल्या आवाजात विचारलं. हा प्रश्न त्या दिवसातून दहा वेळा विचारत असाव्यात.

"आमच्या," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवला. माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, रागावल्या मात्र नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बंद केल्यावर आधी वाढेल. महिना-दीड महिना फार वाईट जाईल. त्या दिवसांत पुन्हा लावली तर आतापर्यंतचं सगळं पहिल्यापासून."

तो महिना-दीड महिना मी कसा काढला ते देवाला माहीत. पोरीचा चेहरा सुजला, लाल झाला, त्यातून पाणी यायला लागलं. डोळे उघडेनात. फ्रिजच्या पाण्यात बुडवलेली मऊ फडकी आम्ही पाळीपाळीनं ठेवत होतो, मी आणि सासूबाई. आमच्यात तेवढं एकच बोलणं उरलं होतं, "पाणी गरम झालं, बदल." घरातले तीन आरसे नवऱ्यानं काढून माळ्यावर टाकले. एके दिवशी मी दुकानात गेले तर मागच्या फळीवर डबा नव्हता. होता-नव्हता तेवढा माल त्यानं एजन्सीला परत केला होता.

एका दुपारी पोरगी झोपेतून किंचाळत उठली आणि हात जोडून आजीला म्हणाली, "एकडाव लाव ना आजी. थोडीशी. बोटभर." सासूबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या पदरात गुंडाळून धरले आणि तसंच धरून बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी जेवण कमी केलं. रागानं नाही, घास उतरत नाही म्हणायच्या. त्या पुढच्या वर्षी गेल्या. डॉक्टरांनी कारण हृदयाचं सांगितलं. शेवटच्या दिवसांत त्या पोरीला जवळ बसवून तिच्या गालावरून हात फिरवायच्या, चामडी जागेवर आली की नाही ते पाहत.

चामडी आली जागेवर. पूर्ण नाही. पोरगी आता अकरावीला आहे. रंग तिचा परत तिचाच झाला, पण गालांवर लाल रेषांचं जाळं राहिलं आहे आणि उन्हात पाच मिनिटं उभी राहिली की चेहरा पेटतो. सहलीला जात नाही. नाच सोडला. अभ्यासात हुशार आहे, कमी बोलते. मला कधी दोष देत नाही. माझ्यासमोर कधी आरशातही पाहत नाही.

आमच्या दुकानात ती ट्यूब आता चिठ्ठीशिवाय मिळत नाही. लोकांनी थोडे दिवस विचारलं, मग विचारायचं सोडलं. बाजारच्या दिवशी समोरच्या दुकानापुढे पोरींची गर्दी असते. फुलवाल्या बाईची ती मोठी पोरगी मला अधूनमधून तिथे दिसायची. एकटी यायची. नंतर दिसायची बंद झाली. सासरी गेली की दुसरीकडे कुठे, मी तिच्या मायला विचारायला धजले नाही. पुढच्या दसऱ्यापासून आमच्याकडे तोरणाची फुलं दुसरीकडून येतात.

मागच्या महिन्यात रविवारी पोरगी माझ्यासोबत दुकानात होती. समोर फुलवाली बाई उभी दिसली, सोबत तिची धाकटी, असेल तेरा-चौदाची. समोरच्याकडे ग्राहक होते म्हणून त्या बाहेर थांबल्या होत्या. माझ्या पोरीला ती सगळी हकीकत माहीत आहे. तिनं काउंटरची फळी उचलली आणि मी काही म्हणायच्या आत रस्ता ओलांडून गेली. मी मागून गेले.

भर उन्हात तिनं त्या मुलीसमोर उभं राहून स्टोल सोडला.

"ट्यूब घ्यायले आली ना?" ती म्हणाली. "हे पाह्य. त्यानंच झालं. मी आठ महिने लावली. आता तीन वर्षं झाली, अजून जात नाही. तू नको लावू."

मुलीनं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. घाबरली नाही. गाल पाहिले, रेषा पाहिल्या, उन्हानं हळूहळू चढत चाललेली लाली पाहिली. तिची माय दुसरीकडे पाहत होती. मुलीनं थोडा विचार केला आणि मग अगदी हळू, मैत्रिणीला विचारावं तसं, विचारलं, "पण ताई, मधात गोरी झाली होती ना तुमी?"

माझी पोरगी स्टोलची टोकं हातात धरून उभी राहिली.

"किती दिवसात झाल्या होत्या?" मुलीनं विचारलं.

दुकानातले ग्राहक बाहेर पडले. आतून आवाज आला, "हं, बोला." बाईनं मुलीच्या पाठीला हात लावला आणि त्या दोघी पायऱ्या चढून आत गेल्या.